ज्याचा हात शेवटचा, तो धनी

कोकणात सातबारा हातात घेतला की आधी नावे मोजावी लागतात. पणजोबांनी राखलेले दहा-बारा गुंठे, त्यात एक कौलारू घर, एक विहीर, चार माड. आणि उताऱ्यावर नावे बावीस. त्यातली निम्मी मुंबईला, काही पुण्याला, एखादे थेट अमेरिकेत, आणि दोन-तीन अशी की माणसे वर गेली तरी नावे उताऱ्यावरून उतरलेली नाहीत. घर सगळ्यांचे आहे, म्हणूनच पावसाआधी कौले परतायला कोणी नाही. वाशाला वाळवी लागली तर कळवायचे कोणाला, हे शेजाऱ्याला ठाऊक नाही. आणि घर पाडायचे ठरले तर बाविसातली एक सही राहिली तरी चालत नाही. मालकी अनेकांची असली की मोडायला सगळे लागतात आणि सांभाळायला कोणीच सापडत नाही, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे.

संगणकाच्या पोटातही नेमका हाच प्रश्न उभा राहतो, असे सांगितले तर नवल वाटेल. तिथे घरे नसतात, डिरेक्टऱ्या असतात. हल्ली आपण त्यांना फोल्डर म्हणतो. कागद ठेवायचे कप्पे म्हणा ना. एक प्रोग्रॅम येतो आणि आपल्यासाठी एक कप्पा करतो. दुसरा येतो आणि त्याच कप्प्यात आपलेही चार कागद ठेवतो. मग पहिला निघून जातो. जाताना त्याने कप्पा मोडला तर दुसऱ्याचा संसार उघड्यावर पडतो. न मोडता सगळेच निघून गेले तर रिकामे, बेवारस कप्पे साचत राहतात. मग तो कप्पा कोणाचा? मोडण्याचा हक्क कोणाला, आणि मोडण्याचे काम कोणाचे?

या प्रश्नाला आज जे उत्तर दिले जाते त्याच्या मुळाशी १९६९ ते १९७३ या चार-पाच वर्षांत अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत घातली गेलेली दप्तराची शिस्त आहे. ती घालणाऱ्यांत दोन नावे प्रमुख. एक केन थॉम्प्सन, दुसरे डेनिस रिची. त्यांपैकी रिची यांच्या आयुष्याची ही हकिकत. संगणकाचे शास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला हे नाव ठाऊक असते, पण त्या मुलांच्या आईवडिलांपर्यंत ते फारसे पोचलेले नाही.

वडिलांच्या वाटेने

डेनिस रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ब्राँक्सव्हिल या गावी झाला. वडील ॲलिस्टर रिची हे बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत, म्हणजे बेल लॅब्जमध्ये, शास्त्रज्ञ होते. टेलिफोनच्या जोडण्या आपोआप करणारी सर्किटे हा त्यांचा विषय. त्या विषयावरच्या १९५१ सालच्या एका नावाजलेल्या पाठ्यपुस्तकाचे ते सहलेखक होते. डेनिस लहान असतानाच हे कुटुंब न्यू जर्सी राज्यातल्या समिट या गावी राहायला आले. बेल लॅब्जचे मरे हिल येथील ठाणे तिथून जवळच होते. मुलगा वाढला तो असा, टेलिफोन खात्याच्या सावलीत.

हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी पदार्थविज्ञानाची पदवी घेतली, ते साल १९६३. तिथे असतानाच युनिव्हॅक या त्या काळच्या अवाढव्य संगणकावरचे एक व्याख्यान ऐकण्यात आले आणि मन त्या यंत्राकडे ओढले गेले. पुढे उपयोजित गणितात डॉक्टरेटसाठी त्यांनी प्रबंध लिहिला. १९६८ साली प्रबंध पुरा झाला, परीक्षकांना पसंत पडला. आता राहिले होते फक्त बांधणी केलेली एक प्रत ग्रंथालयात जमा करणे. ते काम त्यांनी कधी केलेच नाही. परिणामी डेनिस रिची यांना रीतसर डॉक्टरेट मिळाली नाही. आपल्याकडे नावामागे ती दोन अक्षरे लागावीत म्हणून माणसे दहा-दहा वर्षे झिजतात. या गृहस्थांनी ती उंबरठ्याबाहेर ठेवून दिली. अनेक वर्षे तो प्रबंध कोणाच्या पाहण्यातही नव्हता. त्यांच्या मृत्यूनंतर घरच्यांकडून एक प्रत मिळाली आणि कॅलिफोर्नियातल्या संगणक-इतिहासाच्या संग्रहालयामार्फत ती लोकांसमोर आली.

पदवीसाठी न थांबण्याचे एक कारण असे की नोकरी आधीच लागलेली होती. १९६७ साली, वयाच्या २६ व्या वर्षी, ते बेल लॅब्जमध्ये दाखल झाले होते. वडिलांच्याच संस्थेत. पुढची चाळीस वर्षे त्यांनी दुसरीकडे पाहिले नाही.

मोडलेल्या डावातून

त्या वेळी बेल लॅब्ज, एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिक मिळून मल्टिक्स नावाची एक भव्य कार्यप्रणाली उभारत होते. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारी. कोणाला किती वेळ यंत्र द्यायचे, कोणाचे कागद कुठे ठेवायचे, कोणाला काय दाखवायचे, हे सगळे तो पाहतो. मल्टिक्सची कल्पना उदात्त होती. खर्च आणि विलंब मात्र हाताबाहेर चालला होता. १९६९ साली बेल लॅब्जने त्यातून अंग काढून घेतले.

मंडळी हिरमुसली. शेकडो माणसे एकाच यंत्रावर एकत्र काम करतात, एकमेकांचे लिहिलेले वाचतात, वापरतात, असे एक वातावरण मल्टिक्समुळे तयार होऊ पाहत होते. ते हातचे जाऊ नये, ही रिची यांची तळमळ होती. आपल्याला नुसती प्रोग्रॅम लिहिण्याची सोय नको होती, माणसे जवळ आणणारी व्यवस्था हवी होती, अशा अर्थाचे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे.

थॉम्प्सन यांना कोपऱ्यात पडलेला पीडीपी-७ नावाचा एक लहान, जुना संगणक सापडला. फाइली कशा ठेवायच्या याचा आराखडा थॉम्प्सन, रिची आणि रड कॅनडे यांनी फळ्यावर मांडून ठरवला होता. १९६९ च्या उन्हाळ्यात थॉम्प्सन यांची पत्नी मुलाला घेऊन माहेरच्यांकडे गेली, आणि त्या तीन-चार आठवड्यांत थॉम्प्सन यांनी कार्यप्रणालीचा गाभा उभा केला. मल्टिक्सच्या नावावर कोटी करून तिला युनिक्स म्हणू लागले. पुढे पेटंट खात्याला मजकूर टंकित करण्याची सोय करून देतो, असे सांगून या मंडळींनी पीडीपी-११ हे नवे यंत्र पदरात पाडून घेतले. वरिष्ठांकडून खर्च मंजूर करून घेण्याची ही युक्ती आपल्या कचेऱ्यांनाही अपरिचित नाही.

मालकाचे नाव

३ नोव्हेंबर १९७१ रोजी युनिक्सचे पहिले माहितीपुस्तक निघाले. त्यात प्रत्येक आज्ञेला एक पान. आज्ञा काय करते, कशी द्यायची, ही माहिती ओघानेच आली. पण पानाच्या शेवटी दोन मथळे असे होते की ते वाचून मला, जन्म बँकेत गेलेल्या बाईला, फार समाधान वाटले. एक मथळा दोषांचा. आपल्या प्रोग्रॅममध्ये काय उणे आहे ते लिहिणाऱ्यानेच तिथे नोंदवून ठेवलेले. आणि दुसरा मथळा मालकाचा. त्याखाली तीन अक्षरांची सही. थॉम्प्सन यांची केईएन, रिची यांची डीएमआर. अनेक पानांवर ही दोन्ही.

हा मालक म्हणजे कोण, याचा खुलासा पुस्तकाच्या प्रस्तावनेतच होता. अडचण आली तर ज्याला विचारायचे तो मालक. आणि मालक ठरवायची रीत अशी की ज्याने त्या वस्तूत शेवटचा बदल केला ती त्याची. मूळ लिहिणारा दुसरा कोणी असला तरी हरकत नाही. ज्याचा हात शेवटचा लागला, तो धनी.

बँकेत याला आम्ही चार्ज घेणे म्हणत असू. किल्ल्यांच्या रजिस्टरात सही केली की तिजोरी तुमची. कालपर्यंतचा घोळ कोणाचा होता, हा प्रश्न नंतरचा. आज विचारायचे ते तुम्हाला. मालकी ही मिरवायची वस्तू आहे असे आपण समजतो. युनिक्सच्या त्या पहिल्या पुस्तकात मालकी म्हणजे उत्तर देण्याची पाळी होती.

हीच दृष्टी यंत्राच्या आतही दिसते. युनिक्समध्ये प्रत्येक फाइलचे एक छोटेसे नोंदपत्रक असते. फाइलचा मालक कोण, कोणाला काय परवानगी आहे, आणि ही फाइल एकूण किती नावांनी नोंदलेली आहे, हे सारे त्यावर असते. गंमत अशी की खुद्द फाइलचे नाव त्यावर नसते. नाव असते डिरेक्टरीत. डिरेक्टरी म्हणजे एक वही. एका रकान्यात नाव, दुसऱ्या रकान्यात नोंदपत्रकाचा क्रमांक. एकाच फाइलला दोन वह्यांत दोन नावे असू शकतात. घरातला बाळू शाळेत बाळकृष्ण असतो, तसे. एका वहीतले नाव खोडले तर फाइल नाहीशी होत नाही, नोंदपत्रकावरचा आकडा एकाने उतरतो. शेवटचे नाव खोडले जाऊन आकडा शून्यावर आला की मगच ती जागा मोकळी होते. जोवर एक जण तरी धरून आहे, तोवर वस्तू राहते. आणि ज्या डिरेक्टरीत काही शिल्लक आहे ती मोडताच येत नाही.

परवानग्यांची मांडणीही अशीच घरगुती आहे. सुरुवातीला दोनच वर्ग होते, मालक आणि इतर. पुढच्या काही वर्षांत मधला एक वर्ग आला, गटाचा. आपल्या भाषेत सांगायचे तर घरचा धनी, भावकी आणि गाव. प्रत्येकाला तीन गोष्टींची परवानगी द्यायची किंवा नाकारायची: वाचणे, लिहिणे आणि चालवणे. डिरेक्टरीच्या बाबतीत ही तिसरी परवानगी म्हणजे चक्क वहिवाट. तुमच्या खळ्यातून मला पलीकडे जाता येईल, पण खळ्यात काय-काय वाळत घातले आहे याची यादी मला करता येणार नाही. कोकणात अशा वहिवाटीवरून पिढ्यान्‌पिढ्या दिवाणी दावे चालले आहेत. तिकडे तो प्रश्न एका खुणेने मिटवला गेला.

उसनी किल्ली

या व्यवस्थेत एक अडचण होती, आणि ती सोडवण्याचे श्रेय निखालस रिची यांचे. अडचण अशी. सगळ्यांचे परवलीचे शब्द ज्या फाइलीत ठेवलेले असतात ती व्यवस्थापकाच्या मालकीची. ती इतरांना लिहिता येता कामा नये. पण मग सामान्य माणसाने आपला स्वतःचा परवलीचा शब्द बदलायचा कसा?

रिची यांनी तोड काढली. एखाद्या प्रोग्रॅमवर एक खूण करून ठेवायची. तो प्रोग्रॅम कोणीही चालवला तरी तो चालताना अधिकार मालकाचा वापरील. म्हणजे परवलीचा शब्द बदलणारा प्रोग्रॅम तुम्ही चालवलात की तेवढ्या एका कामापुरती व्यवस्थापकाची किल्ली तुम्हाला उसनी मिळते. काम संपले की ती परत. बँकेच्या खिडकीवर हेच घडते. ग्राहकाला लेजरला हात लावता येत नाही, पण स्लिप भरून दिली की त्याच्या वतीने लेजरात नोंद होते, आणि ती त्याच्याच खात्यापुरती होते. हीच खूण बेफिकिरीने भलत्या प्रोग्रॅमवर केली तर चोराच्या हातात जुडगा दिल्यासारखे होते, आणि तसे प्रकारही पुढे पुष्कळ घडले. किल्ली उसनी देणाऱ्याने ती कोणत्या कुलपाला लागते हे पाहायचे असते.

या युक्तीसाठी १९७३ साली पेटंटचा अर्ज गेला आणि १९७९ साली ते रिची यांच्या नावे मंजूर झाले. हक्क अर्थात कंपनीचा. कंपनीने पुढे ते पेटंट सर्वांसाठी खुले करून टाकले. आज जगातल्या असंख्य यंत्रांत ही खूण आहे आणि तिच्यासाठी कोणी पैसा मोजत नाही.

भाषा आणि पुस्तक

रिची यांचे सर्वांत गाजलेले काम म्हणजे सी ही संगणकाची भाषा. थॉम्प्सन यांनी बी नावाची एक भाषा केली होती. १९७१ ते १९७३ च्या दरम्यान रिची यांनी तिला नवे अंग दिले आणि सी जन्माला आली. १९७३ साली युनिक्सचा गाभाच सी भाषेत पुन्हा लिहून काढला गेला. तोवर कार्यप्रणाली ही बहुधा ज्या त्या यंत्राच्या बोलीत लिहिलेली असे. यंत्र बदलले की ती टाकून द्यावी लागे. आता ती एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेता येऊ लागली. घर न मोडता गाव बदलण्याची सोय झाली.

१९७८ साली सहकारी ब्रायन कर्निघन यांच्यासह रिची यांनी सी भाषेवर पुस्तक लिहिले. ते जेमतेम सव्वादोनशे पानांचे आहे आणि जगभर पाठ्यपुस्तक म्हणून चालले. आपल्याकडे १९८० आणि १९९० च्या दशकांत संगणकाचे वर्ग गल्लोगल्ली निघाले, तेव्हा मुलांच्या पिशवीत त्याची पेपरबॅक आवृत्ती नाहीतर तिची झेरॉक्स हमखास असे.

त्याच सुमारास युनिक्स आपल्या बँकांतही आले. डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ साली बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला. त्यानंतर शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रे दिसू लागली, आणि पुढे अनेक शाखांत युनिक्सवर चालणारे संगणक बसले. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे, आणि सकाळी आपले नाव व परवलीचा शब्द टाकल्याशिवाय दार उघडायचे नाही. कारकुनाने टाकलेली नोंद अधिकाऱ्याने तपासून पास करायची. आमच्यातल्या अनेकांना तो संगणक म्हणजे परके संकट वाटे. मला त्याची रीत ओळखीची वाटली. कोणी काय पाहायचे, कोणी लिहायचे आणि सही कोणाची, एवढेच तर बँकिंग असते.

कोणाचे युनिक्स?

मालकीची शिस्त शिकवणाऱ्या या कार्यप्रणालीची स्वतःची मालकी मात्र पुढे फार वादग्रस्त झाली. बेल लॅब्जची पालक कंपनी एटी अँड टी हिच्यावर १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीने बंधन होते. टेलिफोनखेरीज इतर धंद्यात तिला शिरता येत नव्हते. त्यामुळे युनिक्स विद्यापीठांना नाममात्र शुल्कात, मूळ मजकुरासकट, दिले जाई. विद्यार्थी ते वाचत, सुधारत, सुधारलेले परत पाठवत. १९८४ साली एटी अँड टीचे विभाजन झाले, बंधन सुटले, आणि युनिक्स बाजारात विक्रीला आले. मग हक्कांचे दावे सुरू झाले. १९९२ साली बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सवरून खटला उभा राहिला, तो १९९४ साली मिटला. दरम्यान युनिक्सचे हक्क एटी अँड टीकडून नॉव्हेल या कंपनीकडे गेले. २००३ सालापासून आणखी एक खटला अनेक वर्षे गाजला.

या साऱ्या धुमाळीत रिची कुठे होते? आपल्या खोलीत, मरे हिलला. १९८३ साली त्यांना आणि थॉम्प्सन यांना मिळून ट्युरिंग पारितोषिक मिळाले. संगणकशास्त्रातला हा सर्वोच्च मान. १९९९ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हस्ते दोघांना राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. पण युनिक्स विकून ज्यांनी पैसा केला त्यांत हे नाव नाही. प्रयोगशाळेत ते पुढच्या पिढीच्या कार्यप्रणालींवर काम करत राहिले. २००७ साली निवृत्त झाले. लग्न केले नाही. बोलणे बेताचे, विनोद कोरडा, आणि श्रेयाची वाटणी करताना हात सढळ, असे त्यांना ओळखणाऱ्यांनी सांगितले आहे.

सामाईक कप्पे

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. युनिक्सने प्रत्येक फाइलीला मालक दिला, पण तो मालक माणूस होता. १९९० च्या दशकात परिस्थिती बदलली. फिनलंडच्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा जाहीर केला. युनिक्सच्या वळणावर, पण नव्याने लिहिलेला, कोणीही घ्यावा असा. त्याभोवती हजारो प्रोग्रॅम जमले. ते नीट बांधून देण्यासाठी पॅकेजची पद्धत आली. इयन मर्डॉक यांनी १९९३ साली डेबियन सुरू केले, १९९५ साली रेड हॅट कंपनीने आपली आरपीएम ही पद्धत आणली. पॅकेज म्हणजे बांधलेले गाठोडे. सोबत यादी: या गाठोड्यात अमुक फाइली आहेत, त्या अमुक डिरेक्टरीत जातील.

आता यंत्रात माणूस मालक होताच, शिवाय गाठोडेही मालक झाले. फाइलीबाबत नियम कडक ठेवला गेला. दोन गाठोड्यांनी एकाच जागी वेगवेगळ्या मजकुराची फाइल आणली तर तंटा, आणि दुसऱ्याला सहसा आत प्रवेश नाही. डिरेक्टरीबाबत मात्र सामाईक मालकी मान्य झाली. कितीही गाठोडी एका डिरेक्टरीवर आपले नाव लावू शकतात. परवानग्या मात्र सर्वांनी सारख्याच नोंदवायच्या. एकाने दार उघडे म्हणायचे आणि दुसऱ्याने बंद, हे चालत नाही. एक गाठोडे निघून गेले की त्याचे नाव उताऱ्यावरून उतरते, घर तसेच राहते. शेवटचे नाव उतरले, आणि घर खरोखर रिकामे असले, तरच ते मोडले जाते. आत कोणा माणसाचा एखादा कागद राहिला असेल तर घर मोडत नाही. रिची-थॉम्प्सन यांच्या त्या नोंदपत्रकावरच्या आकड्याची ही थेट नातवंडे.

आणि ज्यांनी नाव लावायचा आळस केला त्यांचे काय? गाठोडे सोडताना यंत्र डिरेक्टरी करून देते, पण यादीत ती कोणाच्याच नावावर नसते. गाठोडे गेले की फाइली जातात, डिरेक्टरी मागे राहते. तिला विचारणारा कोणी नाही, मोडणारा कोणी नाही. म्हणून फेडोरासारख्या लिनक्समध्ये गाठोडी बांधणाऱ्या स्वयंसेवकांना नियम घालून दिला आहे: तुम्ही जी डिरेक्टरी निर्माण करता तिच्यावर तुमचे नाव लावा; नाहीतर तुम्ही ज्याच्या आधारावर उभे आहात त्याने ते लावलेले आहे, याची खात्री करा. काही डिरेक्टऱ्या इतक्यांच्या वापरातल्या असतात की त्यांच्यासाठी एक वेगळेच गाठोडे केलेले असते. त्यात फाइल एकही नाही. नुसती डिरेक्टऱ्यांची मालकी. देवळाची जागा देवाच्या नावावर असते, तसे. लिनक्सवर मराठी वाचण्यासाठी पुण्यातल्या इंजिनियरांनी सांभाळलेला लोहित हा टंकही फेडोरामध्ये अशाच सामाईक जागेत जाऊन बसतो.

हे सारे तज्ज्ञांचे आहे, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. आपल्यापैकी बहुतेकांच्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सवरच उभा आहे. त्यात प्रत्येक ॲप हे एक स्वतंत्र बिऱ्हाड मानले जाते. त्याला स्वतःचा मालक-क्रमांक आणि स्वतःची डिरेक्टरी. शेजारच्या ॲपला तिच्यात डोकावता येत नाही. ॲप काढून टाकले की ते बिऱ्हाड सामानासकट जाते. तुमचे कॅमेऱ्यातले फोटो सामाईक अंगणात असतात, म्हणून ते राहतात. तुमच्या बँकेचे ॲप आणि नातवाचा खेळ एकाच फोनमध्ये नांदतात ते या दप्तरामुळे.

निरोप

२०११ साली रिची आणि थॉम्प्सन यांना जपान पारितोषिक जाहीर झाले. त्या मार्चमध्ये जपानला भूकंप आणि त्सुनामीने झोडपले, तिकडचा सोहळा होऊ शकला नाही. रिची यांचा तो सन्मान मरे हिललाच झाला. पाच महिने गेले. १२ ऑक्टोबर २०११ रोजी न्यू जर्सीतल्या बर्कली हाइट्स येथील घरी ते मृतावस्थेत आढळले. काही काळ प्रकृती बरी नव्हती, आणि ते एकटेच राहत. वय ७० वर्षे. आठवडाभर आधी, ५ ऑक्टोबरला, ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज वारले होते आणि जगभरची वर्तमानपत्रे त्या बातमीने भरली होती. जॉब्ज यांच्या फोनमध्येही आत युनिक्सचेच वंशज नांदत होते. रिची यांच्या वाट्याला आतल्या पानावरचा एखादा रकाना आला.

ज्यांना कळायचे त्यांना मात्र कळले. त्याच नोव्हेंबरमध्ये आलेली फेडोराची १६ वी आवृत्ती रिची यांच्या स्मृतीस अर्पण करण्यात आली. हजारो गाठोडी, लाखो डिरेक्टऱ्या, प्रत्येकीवर कोणा ना कोणाचे नाव; आणि सगळ्यांच्या तळाशी त्या जुन्या दप्तराची रीत.

या माणसाने डॉक्टरेट घेतली नाही, पेटंटावर पैसा केला नाही, युनिक्सच्या हक्कांच्या भांडणात भाग घेतला नाही. पण १९७१ च्या पुस्तकात जिथे जिथे त्याचा हात लागला होता तिथे पानाखाली आपली तीन अक्षरे लिहायला तो विसरला नाही. ती अक्षरे हक्कासाठी नव्हती. काही बिघडले तर मला विचारा, एवढेच ती सांगत होती.

आपल्या बावीस नावांच्या उताऱ्यांना निदान एवढे शिकता येईल. वर गेलेल्यांची नावे उतरवावीत, राहिलेल्यांनी आपली वारसनोंद करून घ्यावी. आणि बाविसांपैकी एकाने शेजाऱ्याकडे आपला फोन नंबर देऊन ठेवावा. वाशाला वाळवी लागली, तर कळवायला.